कुणीतरी अडकलं होतं

"काकू, तुम्ही निघाला कुठे होता?"

बाबा लिफ्टच्या बंद दाराला पाठ टेकून फरशीवर बसले होते आणि हा प्रश्न त्यांनी दारालाच विचारला होता. आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये बंद पडली होती. आत पाचव्या मजल्यावरच्या केकवाल्या काकू होत्या.

"अहो, कुठे निघाले काय विचारताय? आधी बाहेर काढा मला! गुदमरायला होतंय इथे."

"काढतोच आहे. वॉचमन वर मशीन रूममध्ये पोचलाय. पण निघाला कुठे होता?"

"खाली! केक पोचवायला. लोक वाट बघत असतील हो..."

"कसला केक?"

"चॉकलेटचा. अगं बाई, तो एका बाजूला घसरलाय!"

"घसरू दे. तुम्ही आधी खाली बसा. खोका मांडीवर घ्या. बसलात?"

आत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. "बसले," काकू रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

"झकास. मीही बसलोय. आता आपण पाठीला पाठ लावून बसलोय, मधे नुसतं दार आहे."

मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होते. पायांत बूट, खांद्याला पर्स, पर्समध्ये दोन तिकिटं. बाबांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट लिफ्टच्या दारावरची धूळ पुसत होता. कार्यक्रम संध्याकाळचा होता, स्टेडियम शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कंपनीच्या मेकॅनिकला फोन करता आला असता. पण आमच्याकडे लिफ्ट अडकली की लोक कंपनीला फोन करत नाहीत, बाबांना हाक मारतात, आणि बाबा ती हाक पुरती यायच्या आधीच चपला शोधत असतात. आज तर त्यांनी दुप्पट उत्साहाने चपला शोधल्या होत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लिफ्ट दुरुस्त करण्यात बाबांचं उभं आयुष्य गेलं. यंत्राशी कसं वागायचं ते त्यांना कंपनीने शिकवलं, आतल्या माणसाशी कसं वागायचं ते त्यांचं ते शिकले. त्याचे त्यांचे नियम आहेत. घाबरलात का, असं कधीही विचारायचं नाही. न घाबरलेला माणूसही मग घाबरतो. आत्ता पाच मिनिटांत काढतो, असं म्हणायचं नाही. आतला माणूस मिनिटं मोजत बसतो. कुठे निघाला होता ते मात्र जरूर विचारायचं, म्हणजे त्याला आठवतं की आपण अडकण्याआधी कुठेतरी जात होतो. आणि गप्प राहायचं नाही. काही सुचो न सुचो, दाराच्या या बाजूने माणसाचा आवाज येत राहिला पाहिजे.

सुचण्याची अडचण बाबांना कधीच आली नाही. त्यांच्याकडे न पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी होती.

"तुमचा एक केक राहिला म्हणून तुम्ही रडताय, काकू," त्यांनी सुरुवात केली. "माझं काय काय राहिलंय ते ऐका. तो आंधळा अकॉर्डियनवाला आला होता बघा, बागेत. अख्खं शहर गेलं होतं. मीही निघालो होतो. ऐन वेळी कुणीतरी अडकलं. मग त्या सात बहिणींचा बँड. जहाजानं आल्या, एकच संध्याकाळ वाजवलं, परत गेल्या. धाकटी म्हणे ट्रम्पेट वाजवताना डोळे मिटायची. मला काय माहीत? मी नव्हतो ना तिथे. कुणीतरी अडकलं होतं."

"अरेरे," काकू आतून म्हणाल्या. आवाज जरा स्थिर झाला होता. बाबांचं म्हणणं असं की, अडकलेल्या माणसाला दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकलं की बरं वाटतं, आणि आपलं गाऱ्हाणं फुकट ऐकून घेणारा माणूस अडकलेलाच सापडतो.

मध्येच त्यांनी फोन कानाला लावला. "मेन बंद केलास ना? नक्की? मग ब्रेक सोड आणि चाक फिरव. हळू. घाई नाही कुणाला."

"मला आहे," मी म्हटलं.

बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "आणि चौघं, काकू!"

मी डोळे मिटून घेतले. आता माझा नंबर होता.

चौघं म्हणजे एक बँड. त्याला एक लांबलचक नाव होतं, पण बाबांच्या पिढीतलं कुणी ते घेत नसे. चौघं म्हटलं की झालं. एक गिटारवाला, एक ड्रमवाला, एक पेटीसारखं काहीतरी वाजवणारा आणि एक गाणारा, ज्याला सगळे घोगरा म्हणत. आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेपवर घोगरा सकाळ-संध्याकाळ गात असे. त्याचं पुलावरचं गाणं लागलं की बाबा हातातलं काम तसंच ठेवून उभे राहत.

"तिकीट हातात होतं माझ्या," बाबा दाराला सांगत होते. "तेव्हा चौघं भरात होते. सकाळपासून नवा शर्ट घालून बसलो होतो. आणि ही बाई जन्माला यायची ठरली!" त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दारापलीकडच्या काकूंना ते दिसणं शक्य नव्हतं, तरी त्या खुदकन हसल्या. ही गोष्ट अख्ख्या इमारतीला पाठ होती.

मीही हसले. मी नेहमीच हसते. लग्नकार्यात, वाढदिवसाला, कुणी पाहुणे आले की बाबा ही गोष्ट सांगायचे, लोक माझ्याकडे बघून हसायचे आणि मी ओशाळं हसून मान खाली घालायचे. कळायला लागलं त्या वयात मी एकदा आईची पातेली उलटी मांडून, गळ्यात झाडू अडकवून बाबांसमोर घोगऱ्याचं गाणं म्हटलं होतं. "तुम्हाला बघायला मिळालं नाही ना, म्हणून," असं मी त्यांना म्हटल्याचं आई सांगते. बाबा त्या वेळी हसले नव्हते म्हणे. उठून बाहेर गेले होते. मी आपली समजले की माझं गाणं वाईट झालं.

विनोद विनोदच असतो, पण तो रोज खाल्ला की अंगी लागतो. मी जन्मले आणि बाबांचा एक कार्यक्रम बुडाला, त्यांच्या जन्मातला सगळ्यात मोठा. हे माझ्या मनात कुठेतरी घर करून बसलं होतं. म्हणून चौघं म्हातारपणी पुन्हा एकत्र येऊन शेवटचा कार्यक्रम करणार असं ऐकलं, तेव्हा मी चष्म्याच्या दुकानातून रजा घेऊन पहाटेपासून रांगेत उभी राहिले आणि दोन तिकिटं मिळवली. बाबांच्या हातात ठेवली तेव्हा ते तिकिटांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, एवढं कशाला?" मला वाटलं गळा दाटून आला.

लिफ्ट खाली येऊन मजल्याला लागली. बाबांनी किल्लीने दार उघडलं. काकू लाल डोळ्यांनी बाहेर आल्या, बाबांच्या हातात खोका कोंबला आणि म्हणाल्या, "हा आता कुणी घेणार नाही. तुम्हीच खा. आणि अहो, घोगऱ्याला बघून या एकदाचं!"

खोक्यात चॉकलेटचा केक एका कडेला जाऊन बसला होता. त्यावरचं 'अभिनंदन' त्याच्यासोबत घसरलं होतं.

मग बाबांना शर्ट बदलायचा होता. मग चष्मा सापडेना. तो कपाळावर होता. मग गॅस बंद आहे की नाही ते बघायचं होतं, आई घरातच असताना. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. ती यायला तयार नव्हती. "मला नाही झेपत तो गोंगाट, तुम्ही बापलेक जा," एवढंच तिने म्हटलं होतं. आम्ही निघालो तशी तिने मला हाताला धरून मागे ओढलं.

"गेटवर फार ताणू नकोस हं," ती हळूच म्हणाली.

"काय ताणायचंय?"

"काही नाही. जा."

बसमध्ये बाबा नेहमीसारखे बोलत होते. रस्त्यातल्या प्रत्येक उंच इमारतीची लिफ्ट त्यांच्या ओळखीची होती. ही हट्टी, ती आळशी, त्या हॉटेलातली म्हणजे नुसता नखरा. मी मांडीवर केक घेऊन ऐकत होते. मनातून मी खूप खूश होते. आज ही गोष्ट संपणार होती. उद्यापासून बाबा सांगतील, "हिच्यामुळे हुकले होते, पण मग हिनेच दाखवले." एवढी शेपटी जोडली की मी सुटले.

स्टेडियमपाशी उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. लोकांचा पूर लोटला होता. बाबांच्या वयाची माणसं जुने, पोटावर ताणलेले चौघांचे शर्ट घालून आली होती. काठ्या टेकत, नातवंडांना धरून, एकमेकांना हाका मारत सगळे गेटकडे सरकत होते. गेटच्या आधी लोखंडी कठड्यांची एक लांब गल्ली केली होती, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. आम्ही तिच्यात शिरलो. मागून लोक येत गेले, पुढचे हलेनात, आणि थोड्या वेळात पुढे-मागे दोन्हीकडे नुसत्या पाठी आणि खांदे उरले.

"बाबा, तो बघा घोगऱ्याचा फोटो. केवढा मोठा लावलाय!"

उत्तर आलं नाही.

"बाबा?"

ते गप्प होते. हे लक्षात यायला मला एक क्षण लागला, कारण बाबांना गप्प बघायची सवयच नव्हती मला. बसमधून उतरल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. मी मान वळवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठांवर घामाचे थेंब होते. एका हाताने त्यांनी कठडा असा धरला होता की बोटांची पेरं पांढरी झाली होती, आणि डोळे कुठेच बघत नव्हते.

छातीत दुखतंय का, डॉक्टरला बोलवू का, असं सगळं एका दमात तोंडाशी आलं. पण तो चेहरा मी पाहिला होता. दुपारीच पाहिला होता, लिफ्टचं दार उघडल्यावर. लहानपणापासून कितीतरी वेळा, बाबांचा हात धरून कुठल्यातरी मजल्यावर उभी असताना, दार उघडल्यावर आतून बाहेर येणारा माणूस असाच दिसायचा.

मी विचारलं नाही, घाबरलात का. मी त्यांच्या पाठीला पाठ लावली, मागच्या गर्दीला कोपराने थोपवलं, आणि म्हटलं, "बाबा, निघाला कुठे होता?"

मग अगदी लहान आवाज आला.

"बाहेर."

"बरं. केक कसला आहे आपल्याकडे?"

"चॉ... चॉकलेटचा."

"त्यावर काय लिहिलंय?"

"अभिनंदन."

"कुणाचं असेल हो? कुणी परीक्षा पास झालं असेल का? का कुणाला नोकरी लागली?" असं काहीबाही बोलत मी वळले, त्यांचा हात कठड्यावरून सोडवून माझ्या खांद्यावर घेतला आणि उलट्या दिशेने निघाले. "वाट द्या, जरा वाट द्या, बाबांना बाहेर जायचंय." लोक कुरकुरले. एका बाईने "आता कुठे निघालात, मिळालेली जागा सोडून?" असं विचारलंही. पण वाट दिली. मी केकबद्दल बोलत राहिले. गल्ली संपून मोकळ्यावर आलो तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता.

बाबा एका झाडाखालच्या कट्ट्यावर बसले. पाणी प्यायले. केकचा खोका त्यांच्या मांडीवर ठेवून मी शेजारी बसले. चेहऱ्यावर रंग येत गेला तसे ते माझ्याकडे बघेनासे झाले.

"हे पहिल्यांदा नाही ना?" मी विचारलं.

त्यांनी नाही अशी मान हलवली.

"एकोणीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "असंच गेट. आधी दार उघडलं नाही, मग एकदम उघडलं. मी खाली पडलो. माझ्यावर माणसं. अंगठ्यापासून टाळूपर्यंत माणसं. कुणीतरी कॉलर धरून ओढलं मला. एक बूट तिथेच राहिला. काही लागलं नाही गं. खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर असं झालं की बस्स. लिफ्टमध्ये कोंडा, मला काही होत नाही. पेटीत घाला. पण माणसांमध्ये नाही."

"मग तो अकॉर्डियनवाला?"

"बागेच्या फाटकातून परत आलो."

"सात बहिणी?"

"तिथे तर बसमधूनच उतरलो नाही."

"आणि कुणी अडकलं वगैरे नव्हतं."

"कधीकधी खरंच असायचं," बाबा म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "फार नाही."

"पण सांगायचं ना, बाबा! आम्हाला तरी!"

"काय सांगू? लोकांना लिफ्टमधून काढणारा माणूस मी. दाराला पाठ लावून सांगायचो, बसा, काही होत नाही. आणि गर्दी बघितली की माझे पाय लटपटतात, हे सांगू? गाण्याची आवड नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. मग आपलं हे बरं होतं. हुकलं, हुकलं म्हणायचं. हुकलेल्या माणसाला कुणी भित्रा म्हणत नाही."

माझ्या पर्समधला फोन वाजला. आई होती.

"पोचलात? बाहेरच आहात ना?"

मी थक्क झाले. "तुला ठाऊक होतं?"

"बत्तीस वर्षं संसार केलाय मी. कसे आहेत ते?"

"बरे आहेत. केकचा खोका धरून बसलेत."

"मग ठीक आहे." आई म्हणाली. "आता विषय निघालाच आहे तर ऐक. तू जन्मलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी गेले होते हे चौघांना बघायला. तासाभरात परत. शर्ट ओलाचिंब, तिकीट अख्खं. दारात नुसते उभे राहिले. काय बोलावं सुचेना त्यांना. मी म्हटलं, बरं झालं आलात, मला कळा येतायत."

"येत होत्या?"

"छे! दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सुरू झाल्या. रात्रभर कण्हण्याचं नाटक करून माझी कंबर मोडली."

मला हसू फुटलं. इतकं की बाजूने जाणारे लोक बघायला लागले. पर्स, फोन, सगळं मांडीत टाकून मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा घाबरून माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे मी नाही," मी म्हटलं. "तुमचे चौघं माझ्यामुळे हुकले नाहीत!"

"तुझ्यामुळे?" बाबा चकित झाले. "अगं, तू तर मला कारण दिलंस. केवढं मोठं! आयुष्यभर पुरलं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते एकदम थांबले. "तुला खरं वाटायचं ते? मी गमतीनं म्हणायचो गं."

"माहीत आहे."

"नाही, नाही. ती पातेली..." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. "चुकलंच माझं. फार चुकलं."

दिवसभर लोकांची नजर तपासून मी पोट भरते. जवळचं दिसतं का, लांबचं दिसतं का, विचारत असते. आणि घरात एक माणूस इतकी वर्षं अडकून पडलेला मला दिसला नव्हता. पण त्या क्षणी मला वाईट वाटत नव्हतं. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटत होतं, आणि बाबांनाही तसंच वाटत असावं, कारण ते उठले आणि म्हणाले, "चल. इथे नको. इथे भिंतीवर आपटून आवाज फुटतो. मागच्या बाजूला चांगला येतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

बाबा ज्या पावलांनी निघाले, ती या रस्त्याला सरावलेली होती. तिकीटघराला वळसा घालून, गाड्यांच्या रांगांमधून, एका बुटक्या भिंतीपाशी ते मला घेऊन गेले. तिथे पार्किंगचा आडवा दांडा होता, आणि शेजारी खुर्चीवर शिट्टी गळ्यात घातलेली एक थोराड बाई बसली होती. बाबांना बघताच ती उठली.

"अहो लिफ्टवाले! मला वाटलंच आज येणार तुम्ही. चौघं म्हटल्यावर!" मग तिने मला खालून वर बघितलं. "आज सोबत कोण?"

"मुलगी," बाबा म्हणाले. इतक्या अभिमानाने म्हणाले की मी ताठ उभी राहिले.

म्हणजे ते येत होते. ड्युटीच्या नावाखाली, मित्राच्या नावाखाली, कशाच्या ना कशाच्या नावाखाली येऊन या भिंतीवर बसत होते आणि ऐकून परत जात होते. काही न पाहिलेल्या माणसाने ऐकलं मात्र बरंच होतं.

"मावशी, तुम्ही कधी आत गेलात का?" मी विचारलं.

"मी? दांडा कोण उचलेल?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी पर्समधून एक तिकीट काढलं. मावशींनी आधी हात मागे घेतले, मग पदराला पुसले, मग पुढे केले.

"दांडा मी बघतो," बाबा म्हणाले. "वरखालीच करायचंय ना? जन्मभर तेच केलंय."

मावशींनी शिट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली आणि जवळजवळ पळतच गेल्या.

"दुसऱ्या तिकिटावर तू जा," बाबा म्हणाले. "खरंच जा. मला वाईट नाही वाटणार."

"बसू द्या मला," मी म्हटलं आणि केकचा खोका उघडला.

आत दिवे लागले. भिंतीच्या वरच्या आभाळावर त्यांचा उजेड पडला. एकच मोठा हुंकार उठला, हजारो माणसांचा, आणि मी बाबांकडे बघितलं. पण ते खुर्चीत पाय पसरून आरामात बसले होते. भिंतीच्या या बाजूला तो आवाज त्यांचं काही वाकडं करू शकत नव्हता. मग घोगरा गायला लागला. म्हातारा झाला होता, वरचे सूर त्याने लोकांवर सोडून दिले होते. बाबांनी ते उचलले. मी त्यांना स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकलं होतं, पण असं मोकळ्या गळ्याने नाही. पुलावरचं गाणं आलं तेव्हा एक गाडी दांड्यापाशी येऊन हॉर्न वाजवू लागली, आणि बाबांनी गाणं संपेपर्यंत दांडा उचलला नाही. ड्रायव्हरनेही मग काच खाली करून इंजिन बंद केलं.

मावशी कार्यक्रम संपायच्या आधीच परत आल्या. घामाघूम.

"काय झालं? आवडलं नाही?"

"आवडलं हो! पण दिसतात कुठे? एवढे एवढेसे. बाकी सगळं पडद्यावर." त्यांनी केकचा तुकडा उचलला. "आणि आवाज इथेच बरा येतो."

बाबांचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं.

"घोगरा कसा उभा राहतो?" त्यांनी विचारलं. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

मावशींनी केक तोंडात असतानाच उभं राहून दाखवलं. एक खांदा उतरता, डावा पाय पुढे, टाच उचललेली. बाबांनी बघितलं, मान डोलावली. मग खुर्चीतून उठून स्वतः तसे उभे राहून बघितलं.

कार्यक्रम संपला आणि मागचे दरवाजे उघडले. गाण्याच्या नादात हे आमच्या कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. एकाएकी लोक चारी बाजूंनी बाहेर पडू लागले, हसत, गात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि गाड्यांच्या रांगांमधून थेट आमच्या भिंतीकडे येऊ लागले. बाबा मागे सरकले. पाठ भिंतीला लागली. त्यांचा हात भिंतीवरून चाचपडायला लागला.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, गर्दीकडे पाठ करून. दोन्ही हात त्यांच्या बाजूंनी भिंतीला टेकवले. लोक माझ्या पाठीला घासून जात होते.

"बाबा, ऐका ना," मी म्हटलं. "माझाही एक कार्यक्रम हुकला."

त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर आले.

"कुठला?"

"चौघांचा. शेवटचा. आता पुन्हा होणार नाही म्हणे."

"अरेरे." त्यांचा श्वास जोरात चालला होता. पण ऐकत होते. "तिकीट नाही मिळालं?"

"होतं की. हातात होतं." मी पर्समधून ते काढून दाखवलं, अख्खंच्या अख्खं.

"मग गेली का नाहीस?"

"काय करू, बाबा. निघालेच होते. ऐन वेळी कुणीतरी अडकलं होतं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मागून माणसं जात होती, अजून बरीच जायची होती. त्यांनी भिंतीवरचा हात काढून माझ्या हातावर ठेवला.

"मग?" ते म्हणाले. "निघालं का बाहेर?"

"निघतंय," मी म्हटलं. "घाई नाही कुणाला."